मागचा स्क्रू

रेघ तुटली होती.

पुंजारामने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत चढवला आणि जुन्या रायली मोटारीच्या बॉनेटखाली पुन्हा वाकून पाहिलं. गुरुवारी संध्याकाळी त्याने स्वतः ओढलेली रेघ ती. मल्हारीच्या पोरीकडून लाल नेलपॉलिशची बाटली मागून आणली होती आणि आगकाडीच्या टोकाने मागच्या कार्बोरेटरच्या स्क्रूवरून खालच्या पट्टीपर्यंत एकच रेघ ओढली होती. स्क्रू जरा फिरला तरी ती तुटणार. आणि ती तुटली होती. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी पट्टीवर, दोघींची तोंडं दोन दिशांना, भांडलेल्या जावांसारखी.

"या," तो म्हणाला. "समदे या अन् बघा. मागून कुनी म्हनायला नको, म्हाताऱ्याला भास व्हतात."

सगळे आले. थोरला मुलगा मल्हारी, प्रेसमधला क्लार्क, रविवारचा इस्त्रीचा बुशशर्ट सांभाळत लांबूनच वाकला. धाकटा जयराम वाकलाच नाही. सोळा वर्षं बापाच्या हाताखाली याच गॅरेजात काढल्यावर काय दाखवणार आहेत ते त्याला न वाकता कळत होतं. त्याची बायको लता पदराला हात पुसत दारात थांबली. आणि सगळ्यांच्या पुढे आक्काबाई, पुंजारामची विधवा बहीण. तिला गाडीतलं काही कळत नसे. माणसांतलं सगळं कळतं असा तिचा समज होता.

"काय बघायचं? मला तर समदं काळंच दिसतं," आक्काबाई म्हणाली.

"लाल रेघ बघ. तुटलीय. ही तिसरी खेप. मी सेटिंग करतो, दोन-चार दिसांनी बघतो तर मागचा स्क्रू कुनीतरी फिरवलेला. पयल्या दोन खेपा वाटलं माझाच हात चुकला. म्हनून रेघ मारली." पुंजाराम वळला. "गुरवारी मी काय बोललो व्हतो, जयराम?"

"रेघ तोडली त्याने गॅरेजात पाय ठेवायचा नाही."

"ध्यानात हाय. बरं झालं."

"अण्णा, मी हात लावलेला नाही."

"गॅरेजच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या करगोट्याला. दुसरी कुनाकडं?"

जयरामने मागे घराकडे पाहिलं. दुसरी त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. तो चौतीस वर्षांचा होता, दुसरा कुठला धंदा त्याला येत नव्हता, आणि राहायला गॅरेजच्याच मागे पत्र्याच्या दोन खोल्या. गॅरेजात पाय ठेवायचा नाही म्हणजे घरी जायचं तरी कुठून?

बाराला जेवण होतं. जेवण झाल्यावर पुंजाराम सगळ्यांसमोर नव्याने सेटिंग करणार होता आणि मग काय ते ठरणार होतं. मंगळवारी जयंती. कॅम्पातला साहेब विलायतेला जाताना रायली पुंजारामकडे सोडून गेला, आणि सत्तावन्न सालापासून दर चौदा एप्रिलला तीच गाडी वस्तीच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे असे. टपावर बाबासाहेबांची तसबीर, दोन्ही बाजूंनी निळे झेंडे. चार तास उन्हात माणसाच्या चालीने चालायचं. गाडी पळवणं सोपं. इतकी हळू चालवायची तर तिचे दोन्ही कार्बोरेटर एका श्वासात पाहिजेत. गेल्या वर्षी ती विहारापासून चौकापर्यंत तीनदा बंद पडली. तिसऱ्यांदा लोकांनी ढकलली.

*

मल्हारीला आपल्या भावाबद्दल जे वाटत होतं ते त्याने सकाळीच आक्काबाईला सांगितलं होतं. गाडी बंद पडली त्या दिवशी जयराम म्हणाला होता, "आता अण्णांनी थांबावं." मल्हारीने ते वाक्य वर्षभर जपून ठेवलं होतं. थांबावं म्हणजे काय? बापाच्या हातून गाडी बिघडतेय असं चार लोकांत दिसावं, गॅरेज आपोआप याच्या हाती यावं. सरळ आहे.

जेवायला बसताना तो जयरामच्या शेजारी बसला नाही. जयरामच्या ते लक्षात आलं.

"भाऊ, तुझ्या मनात जे आहे ते बोल ना. ताटात काय बघतोस?"

"माझ्या मनात काय असणार? मी आपला फायली पुढं सरकवणारा माणूस. कार्बोरेटरमधलं तू जाणतोस."

"जाणतो म्हणून चोर?"

"चोर मी म्हटलं का? आत्या, मी चोर म्हटलं?"

"म्हनला नाय," आक्काबाई म्हणाली, "पन तुझ्या जीपचंबी सांगून टाक की. नायतर परत माझ्याच नावानं खडे फोडशीन."

मल्हारीचा हात भाकरीवरच राहिला. पुंजारामने मान वर केली. "कसली जीप?"

"जयंती कमिटीने सांगितलं म्हणून," मल्हारी भराभर बोलू लागला. "सहज. आपली पडली बंद, तर पाठीमागे एक असावी. प्रेसमधल्या एका मित्राची आहे. उगीच ऐन वेळी…"

"झेंडेबी शिवून झाल्यात तिला," आक्काबाईने पुरवलं.

आता जयराम हसला, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "असं आहे होय! म्हणजे गाडी बंद पडली तर कुणाची सोय झाली, भाऊ? माझी का तुझी? पुढे जीप, जीपमध्ये कमिटीचे सेक्रेटरी मल्हारराव."

"माझ्याकडे किल्ली आहे का?"

"माझ्या घरात येतोस-जातोस तेव्हा खिळ्याकडे बघतोस का नाही, ते मला काय माहीत?"

"बघा, अण्णा! ऐकताय?"

पुंजारामने भाकरी ताटात ठेवली. तो एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. चोवीस वर्षं माझी गाडी पुढं, आणि थोरल्यानं मला न विचारता झेंडे शिवून घेतले. धाकट्याच्या घरात किल्ली. बहिणीला दोघांचंही माहीत आणि ती मला आज सांगते, रस्सा भुरकता भुरकता. कोणाकडे पाठ करून बसावं, असा त्याला प्रश्न पडला.

*

स्क्रू लताने फिरवला होता.

चुलीपाशी बसून ती भाकऱ्या थापत होती आणि प्रत्येक थापेला सांगावं का, नको, सांगावं का, असं चाललं होतं. गुरुवारचं बोलणं तिला आत्ता अर्ध्या तासापूर्वी कळलं. जयरामने घरी सांगितलंच नव्हतं. या घरातले पुरुष एकमेकांना काय वाटेल ते बोलत आणि बायकोला सांगत, मीठ कमी आहे.

फेब्रुवारीत पहिल्यांदा. सासऱ्याने सेटिंग केलं की गाडी उभ्या जागी अशी थरथरायची की भिंतीपलीकडे तिच्या फळीवरची भांडी वाजायची. पूर्वी वाजत नसत. एका दुपारी जयराम सामान आणायला द्वारका चौकाकडे गेलेला, आक्काबाई शेजारी पत्ते खेळायला, आणि मामा, म्हणजे सासरे, खाटेवर झोपलेले. लताने खिळ्यावरची किल्ली घेतली. बॅटरीचा उजेड धरून ती जयरामजवळ इतक्यांदा उभी राहिली होती की सगळं पाठ होतं. मामांच्या त्या दोन रबरी नळ्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही असा नियम. एक नळी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, तिचं दुसरं टोक डाव्या कानात. दुसरी मागच्याला, ती उजव्या कानात. हवा आत जाताना फुस्स आवाज येतो. दोन्ही आवाज सारखे असले की ते डोक्याच्या मधोमध येऊन एक होतात. साहेबाने पुंजारामला शिकवलं होतं, पुंजारामने कुणालाच नाही.

तिने गाडी चालू केली, नळ्या कानात घातल्या, तर सगळं डोकं उजवीकडे कललं. मागचा कार्बोरेटर दुप्पट ओढत होता. तिने स्क्रू पाऊण आटा बाहेर फिरवला, आवाज मधोमध. भांडी गप्प.

आणि तेवढ्यात तिला भीती वाटली. पंधरा पावलांवर खाट. मामा डाव्या कुशीवर निजलेले, गाडी धडधडतेय आणि त्यांनी कूससुद्धा बदलली नव्हती. सोंग घेतलंय, तिला वाटलं. मला पकडायला पडून राहिलेत. पण कुणी ओरडलं नाही. पुढच्या खेपेलाही नाही. परवा शुक्रवारी ती लाल रेघ दिसली तेव्हा ती थबकली होती. मग तिला गेल्या वर्षीचा चौक आठवला. ढकलल्या जाणाऱ्या गाडीच्या मडगार्डवर हात ठेवून, आपणच तिला चालवतोय अशा थाटात ताठ चालणारे मामा. तिने रेघ तोडली.

"लता, भाकरी!"

ती टोपलं आणि रश्श्याचं पातेलं घेऊन उठली. पुंजारामच्या उजवीकडे वाकली. "मामा, रस्सा वाढू?"

उत्तर नाही.

"मामा, थोडा रस्सा?"

तो ताटाकडे बघत राहिला. आक्काबाईने डोळ्यांनी लताला खुणावलं: बघ, संशय कुनावर हाय ते. हे दिवाळीपासून चाललं होतं. लता काही विचारी, मामा बोलत नसत. दिवाळीला आपण काय बोललो, काय चुकलं, हे तिने इतक्या वेळा आठवून पाहिलं होतं की आता न बोललेलंही आठवायला लागलं होतं.

मल्हारीने भाकरी मागितली म्हणून ती पलीकडून वळसा घालून गेली, त्याला वाढलं, आणि जाता जाता, उत्तराची आशा न ठेवता, सासऱ्याच्या डाव्या खांद्याशी पुटपुटली, "रस्सा?"

"वाढ की," पुंजाराम म्हणाला. "कवाच्यान वाट बघतोय. इचारतबी नाय कुनी."

लताच्या हातातला पळा तसाच राहिला. रश्श्याचा एक थेंब मल्हारीच्या इस्त्रीच्या बाहीवर पडला आणि तो "अगं अगं" करत उठला, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला खाट दिसत होती. डावी कूस, डावा कान उशीत. वर राहिलेला तो उजवा.

*

दीड वाजता पुंजारामने बॉनेट उघडलं. इंजिन गरम होऊ दिलं. दोन्ही कार्बोरेटरना जोडणारा मधला सांधा सैल केला, नळ्या कानात घातल्या आणि डोळे मिटले. सगळे उभे. गॅरेजचा पत्रा तापून टणटण करत होता.

त्याने मागचा स्क्रू आत घेतला. थोडा. अजून थोडा. गाडी अंगातून हलायला लागली. मडगार्डवर ठेवलेला पाना सरकत सरकत कडेला आला. पुंजारामचा चेहरा मात्र निवत गेला.

"आला," तो म्हणाला. "मधोमध आला." मग त्याने कधी न केलेली गोष्ट केली. नळ्या काढून जयरामपुढे धरल्या. "घे. ऐक."

जयरामने त्या घेतल्या. सोळा वर्षांत पहिल्यांदा. कानात घातल्याबरोबर त्याला कळलं की हे साफ चुकलंय. सगळा फुत्कार उजवीकडे. त्याने बापाकडे पाहिलं. हा सापळा आहे, त्याच्या मनात आलं. मुद्दाम चुकीचं लावलंय. चूक म्हटलं तर म्हणतील, तुलाच बरं कळलं, म्हणजे तूच फिरवतोस.

"बरोबर आहे, अण्णा."

"मल्हारी?"

मल्हारीने एक नळी कानाच्या जवळपास नेली. "एकदम बरोबर."

"बरोबर हाय ना?" पुंजाराम जयरामच्या जवळ आला. "मग बरोबर असलेलं तू तीन तीन खेपा बिघडवलं कशापायी? ठेव किल्ली."

सापळा होता, पण जयरामने ओळखलेला नव्हे, दुसराच. जेवून उठताना खिळ्यावरून घेतलेली किल्ली त्याने खिशातून काढून मडगार्डवर ठेवली. थरथरणाऱ्या पत्र्यावर ती वाजायला लागली.

"मी फिरवला," लता म्हणाली.

आक्काबाईने पदर तोंडाला लावला. जयराम बायकोकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघत होता.

"नवऱ्याला वाचवतीस," पुंजाराम म्हणाला. तोवर ती त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली होती. "गप ऱ्हा."

"पाऊण आटा बाहेर. तिन्ही वेळा. दुपारी, तुम्ही झोपल्यावर. गाडी चालू करून."

"चालू करून? अन् मला जाग आली नाय?"

"नाही आली, मामा."

"ऐकलं का रे हिचं? मी काय मेलो व्हतो?" तो हसला आणि सगळ्यांकडे बघितलं, पण बरोबर कुणी हसलं नाही. "अन् का फिरवला? कुनी सांगितलं चूक हाय म्हनून?"

"माझ्या कानाला मागचा जड लागतो."

"तुझ्या कानाला!"

"माझा कान चुकत असेल. तुम्ही एकदा नळ्या बदलून ऐका. उजवी डाव्या कानात, डावी उजव्या कानात. मी खोटी निघाले तर आम्ही दोघं आजच जातो."

"लता!" जयराम म्हणाला.

"आता हीच शिकवनार साहेबाची इद्या," आक्काबाई म्हणाली. "घाल बाबा, घाल. व्हऊन जाऊ दे."

पुंजारामने तिला खोटं पाडायलाच नळ्या उचलल्या. छातीवर नळ्यांची फुली करून त्या उलट्या कानांत घातल्या.

डाव्या कानात एकदम वारं घुसलं. मागचा कार्बोरेटर बंबासारखा ओढत होता. आणि उजव्या कानात काहीच नव्हतं. त्याने उजवी नळी काढली, तोंडाने फुंकली. मोकळी होती. परत घातली. मग डावी नळी बोटांत दाबून बंद केली, आणि हातभर अंतरावर सहा माणसं हादरवील असं इंजिन चालू असताना पुंजाराम विहिरीच्या तळाशी उतरला. खाली गार, लांब कुठेतरी काहीतरी.

त्याने दोन्ही नळ्या काढल्या.

त्याने लताकडे पाहिलं. तिला माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याची काही खूण नव्हती. ती खाली स्क्रूकडे बघत होती, जणू बोलायचं होतं ते त्याच्याशीच.

"काय झालं, अण्णा? नळी फुटली का?" मल्हारीने विचारलं.

किती सोपं होतं. फुटली, म्हणायचं. लता हो म्हणेल. जयराम तर आधीच हो म्हणाला होता. मल्हारी एकदम हो म्हणेल. आक्काबाई गावभर सांगेल की नळीच फुटलेली होती. सगळे हो म्हणतील आणि परवा चौकात गाडी बंद पडेल आणि तेव्हाही सगळे म्हणतील, बरोबर आहे, अण्णा, ऊनच फार.

"नळी चांगली हाय," पुंजाराम म्हणाला. "कान गेलाय. ह्यो उजवा."

आक्काबाईच्या तोंडावरचा पदर हळूच खाली आला.

"जयराम."

"अं?"

"तुला ऐकू आलं व्हतं. चूक हाय म्हनून."

"हो."

"मग बरोबर हाय म्हनून का बोलला?"

"तुम्ही… मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा बघताय."

"मी तुला नळ्या दिल्या," पुंजाराम म्हणाला. सोळा वर्षांत एकदाच दिल्या आणि त्याही सापळा म्हणून दिल्या, हे खरंच होतं. पोराने ओळखलं त्यात पोराचं काय चुकलं? त्याने मडगार्डवरची किल्ली उचलली आणि जयरामच्या सदऱ्याच्या खिशात घातली. वरून थोपटलंही. जयराम खाली बघत राहिला.

"अन् मल्हारी, ती जीप आनू नगंस. आनायची असंल तर मला सांगून आन."

"हो, अण्णा," मल्हारी म्हणाला, आणि मग, "नाही आणत."

पुंजारामने नळ्या लताच्या हातात दिल्या. "घाल. सरळ घाल. मी फिरवतो, तू सांग."

तिने डोक्यावरचा पदर मागे सारून नळ्या घातल्या. डावीकडून त्याच्याशी बोलायचं म्हणून ती अवघडून गाडीच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली. त्याने स्क्रू ड्रायव्हर लावला.

"बाहेर. अजून. अजून, मामा. हळू… जरासा आत. बस."

"बस?"

"बस."

"ती बस म्हनली की तू थांबनार?" आक्काबाईला राहवेना. "अरे, कालची पोर ती. एकदा तू ऐकून तरी बघ."

गाडीची थरथर थांबली होती. मल्हारीने मडगार्डवर आपला हात ठेवून पाहिला आणि काढून घेतला.

पुंजारामने लताकडून नळ्या मागून घेतल्या आणि कानात घातल्या. सगळा आवाज डावीकडे. उजवीकडे खड्डा. बत्तीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात आपसूक मागच्या स्क्रूवर गेला. आत, थोडा आत घेतला की मधोमध येईल. सगळे त्या हाताकडे बघत होते. लता बघत नव्हती. ती फडक्याला बोटं पुसत होती.

त्याने हात काढला, मधला सांधा आवळला आणि बॉनेट लावून टाकलं.